करडीची बंदूक

बंदूक! नागोजीनं उभ्या जन्मात कधी मागितली नसती. मलप्रभेच्या वरच्या अंगाला, भर रानातून हिरड्याची पोती डोणीत, म्हणजे खोड कोरून केलेल्या होडीत, भरायची, पाण्यानं खाली खानापूरला उतरवायची, वाटेत काठावर मुक्काम टाकायचा, हा त्याचा आणि धाकट्या भावाचा, रवळूचा, बापाच्या वेळेपासूनचा धंदा. एक कोयता आणि एक टेंभा, एवढ्यावर आजवर निभावलं होतं. पण गेल्या साली मुक्कामावर रवळू चूल पेटवत होता आणि जाळीतून अस्वल उठलं. त्यानं रवळूचा अर्धा चेहरा ओरबाडून नेला. रवळू जगला, पण तोंडाला पंचा गुंडाळून घरात जो बसला तो बसलाच. काठावर डोण उलथी पडून राहिली.

"बंदूक आण, मग येतो," एवढंच तो म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड फिरवायचा.

गावातले म्हणत, दुसरा जोडीदार बघ. नागोजी खवळायचा. "डोण कुजली तर दुसरी कोरीन. भाऊ घरात कुजाय लागलाय, त्यो कुठनं आनू?"

म्हणून तो बेळगावला लायसनसाठी हेलपाटे घालू लागला. आज साहेब दौऱ्यावर, उद्या कारकून रजेवर, परवा 'पुढच्या सोमवारी ये'. कचेरीच्या पायरीवर बसून बसून त्याच्या धोतराची बैठक विरली. शेवटी एकदाचा एक कारकून समोर आला. साताऱ्याकडून बदलून आलेला (तेव्हा दोन्ही जिल्हे एकाच इलाख्यात), नाकावर चष्मा, तोंडात पान.

"कशासाठी पाहिजे रे बंदूक?"

आता इथं एक गोम आहे. डोणकरी रानात अस्वलाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते हजर होतं म्हणतात. म्हणून ते त्याच्यासाठी कन्नडातलं नाव वापरतात, करडी. खानापूरच्या अस्वलाला मराठी कळतं आणि कन्नड कळत नाही, हे कुणी ठरवलं देव जाणे! पण जिभेला वळण पडलं ते पडलं. त्यात पुन्हा डोण पाण्यात लोटायची वेळ जवळ आलेली. अशा वेळी अभद्र कशाला बोला?

"करडीसाठी, रावसाहेब," नागोजी हात जोडून म्हणाला. "करडीनं लई घोर लावलाय."

साताऱ्याकडच्या माणसाला करडी एकच ठाऊक, तेलाची. "पिकात डुकरं फार पडतात का?"

"डुकरं बी हायती की."

कारकुनानं मान डोलावली आणि खरडलं. सही-शिक्क्याला आणखी महिना गेला. नागोजीला काळं अक्षर म्हशीबरोबर! त्यानं कागद कपाळाला लावला, ठासणीची बंदूक घेतली आणि घरी येऊन ती रवळूच्या पुढ्यात ठेवली. रवळूनं तिच्यावरून बराच वेळ हात फिरवला. दुसऱ्या दिवशी तोंडाला पंचा बांधूनच, पण तो काठावर आला. नागोजीला रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यानं उगाच डोणीला दोन शिव्या घातल्या.

पोती भरली. निपाणीचा हिरड्याचा व्यापारी कुंथुनाथ माल बघायला आला होता. डोण सुटणार, एवढ्यात नाक्यावरचा जंगल गार्ड आला. तो धारवाडकडचा, पक्का कन्नड माणूस.

"हे बंदूक कुणाचं? लायसन दाव."

नागोजीनं ऐटीत कागद काढून दिला. गार्डानं एकेक अक्षर जुळवत वाचलं, "कर-डी-च्या रक्ष-णा-साठी." मग नागोजीकडं डोळे फाडून बघितलं. "करडीचं रक्षण? सरकार तुला करडी राखायला बंदूक दिलंय? मग तू करडी मारणार कसं?"

"राखायला न्हवं, मारायला! माझ्या भावाचं तोंड बघ की!"

"मी कागद बघतो. कागद म्हणतो रक्षण."

कुंथुनाथ दोन्ही भाषांत मुरलेला. त्यानं कागद हातात घेतला. "जनावराच्या रक्षणाला माझी काही हरकत न्हाई हो, आम्ही जैन माणसं," तो म्हणाला. मग पुढचं वाचून त्याचा चेहरा पडला. "नागोजी, हे करडीचं पीक आहे. तेलाची करडी. बंदूक फक्त तुझ्या शेतात वापरायची, शेताबाहेर न्यायची न्हाई."

"माझं शेत? आरं, सात पिढ्यांत कुनी करडी पेरली न्हाई! गुडघाभर पानी साचतंय, त्या भाताच्या खाचरात करडी उगवती व्हय?"

"म्हणजे कागद खोटा?" गार्डानं विचारलं.

"कागद खरा हाय रं!"

"मग शेतात जा."

गार्डानं बंदूक उचलली आणि बगलेत मारली. कचेरीत अर्ज कर, म्हणाला. अर्ज! पुन्हा ती पायरी, तो चष्मा, ते पान!  नागोजीनं डोणीतलं वल्हं उपसलं आणि गार्डाच्या डोक्यावर उगारलं.

मागून कुणीतरी वल्हं गच्च धरलं. रवळू होता. पंच्याआडून चमत्कारिक आवाज येत होता. नागोजीला वाटलं, पोरगं रडतंय. पण रवळू हसत होता. "करडी राखायला!" म्हणत वाकून वाकून हसत होता. पंचा सुटून गळ्यात आला आणि वर्षभर कुणी न पाहिलेलं ते वाकडं, फाटलेलं तोंड भर उन्हात उघडं पडलं. गार्डानं मान फिरवली. रवळूनं पंचा वर ओढला नाही.

त्यानं नागोजीच्या हातातून वल्हं काढून घेतलं आणि डोणीत जाऊन बसला.

"चल अन्ना."

"बंदुकीबिगार?"

"व्हय."

"भ्या न्हाई वाटत?"

"लई वाटतंय," रवळू म्हणाला. "पन तू ह्याचं डोस्कं फोडून तुरुंगात गेलास, तर रानात माझ्याजवळ कोन बसंल?"

नागोजीला एकही शिवी सुचेना. त्यानं डोण पाण्यात लोटली.