शेवटच्या पोळीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा डबा आहे. चेपलेला आहे, गंजलेला आहे, पण कुणापुढे वाकलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तेल संपल्यावर कापड मिलमधल्या दिनानाथ फिटरने माझ्या झाकणाला रुपया जाईल एवढी चीर पाडली आणि मला मिलच्या फाटकाला तारेने बांधले. इंदूर शहराच्या जुनी इंदूर भागात शैलजाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका जखमी जनावरांचे घर चालवीत. त्यासाठी दर पगाराला प्रत्येक कामगार माझ्यात एक रुपया टाकी. तीन गायी, एक लंगडे गाढव आणि सतरा कुत्री माझ्या जिवावर जगत. तीन पायांचा एक कुत्रा मिलच्या भोंग्याबरोबर सूर लावायचा, म्हणून त्याचे नावच भोंगा पडले. तेव्हा माझी ऐट काय वर्णावी!

ब्याण्णव साली मिलला कुलूप लागले. पगार थांबले आणि मी रिकामा झालो. दिनानाथने मला सोडवून शैलजाबाईंकडे नेले. औषधवाल्यानेही उधारीला हात आखडता घेतला होता. अशा वेळी मल्हारगंजचे एक शेठजी चेकबुक घेऊन आले.

"बाईजी, सगळा खर्च माझा. फक्त गायी ठेवा. ये कुत्ते बाहर करो, त्यांना पोसून काय पुण्य?"

भोंगा माझ्याशेजारीच झोपला होता. मला हात असते तर मी ते चेकबुक फाडले असते.

"शेठजी, तीन पायांवर हा जाईल कुठे, बताइए?" बाई म्हणाल्या. "तुमचे पैसे राहू द्या." बोलल्या खऱ्या, पण शेठजी गेल्यावर त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"बाई, रडता कशाला?" दिनानाथ म्हणाला. "पगार बंद झालाय, रोटी थोडीच बंद झाली?"

शेवटची पोळी कुत्र्याची, हा आमच्याकडे घरोघरचा रिवाज. त्याने पत्र्याची कात्री आणली आणि माझी चीर पोळी जाईल एवढी रुंद केली. दुखले, पण मी हूं की चूं केले नाही. मग मला उचलून तो मिलच्या चाळीत दारोदार फिरला. तिथे आता पोळ्या मोजून लाटत होते, तरी शेवटची माझ्यातच पडली. मी गळ्यापर्यंत भरलो. कुत्र्यांच्या खाण्याचा खर्च वाचला आणि बाईंच्या पेन्शनीतून औषधे आली. एकही कुत्रा बाहेर गेला नाही.

चार वर्षे झाली, मिल काही उघडली नाही. मी मात्र रोज फिरतो आणि मला पाहून भोंगा अजून सूर लावतो. पलासियाच्या दुकानांतल्या चकचकीत दानपेट्या माझ्या फाटक्या तोंडाला हसतात. खुशाल हसोत.

मित्रांनो, माझ्यात नाणे टाका, नाणे नसेल तर पोळी टाका. पण कुणाला बाहेर काढायचे, ते मला सांगू नका.