अर्धी दाढी

मित्रांनो, मी नारिन या डोंगरी शहरातल्या इस्पितळातला आरसा. आता माझं वय झालं, कडांचा पारा उडाला. एका सुताराने मला अक्रोडाच्या चौकटीत बसवलं आणि मी इस्पितळाच्या दाराशी लागलो. येणारे-जाणारे पुरुष माझ्यापुढे टोपी नीट करत, बायका डोक्याचा रुमाल सारखा करत. पुढे माझ्या जागी मोठा आरसा आला आणि मी अडगळीत गेलो. तिथून मला डॉक्टर उमसुनाईंनी बाहेर काढलं आणि आपल्या टेबलावर ठेवलं. मेंदूला इजा झालेल्या माणसाला स्वतःची जाणीव किती उरली आहे, हे त्या तपासतात.

मेदेरबेक कोळशाचा ट्रक चालवायचा. घाटात बर्फावरून ट्रक घसरला आणि त्याचं डोकं आपटलं. तो वाचला, चालू-बोलू लागला. पण डावीकडचं जग त्याच्या लेखी उरलंच नव्हतं, आणि याचा त्याला पत्ताच नव्हता.

त्या सकाळी डॉक्टरांच्या खोलीत तो ट्रकची किल्ली मागत होता. त्याची बायको सायकाल ती मुठीत आवळून उभी होती.

"बाइके, ट्रक चालवता येईल?" डॉक्टरांनी, 'दादा' म्हणावं तशा आदराने, विचारलं.

"म्हणजे काय! मला काय धाड भरलीय?"

डॉक्टरांनी तोच प्रश्न सायकालला विचारला.

"नाही येणार," ती हळूच म्हणाली. "काल दाराच्या चौकटीवर आदळले. ताटातलं डावीकडचं मांस तसंच ठेवतात, आणि वर म्हणतात, मला उपाशी मारतेस."

"खोटं बोलतेय!" मेदेरबेक उसळला. "ट्रक हिला भावाच्या घशात घालायचाय! किल्ली दे. उद्या पोरीला शाळेत मीच सोडणार!"

खुर्ची कोसळली. सायकाल भिंतीला जाऊन टेकली. टेबलावर मी थरथरलो.

"बाइके, आधी दाढी तर करून घ्या," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. त्यांनी खुर्ची उचलली आणि मला त्याच्यासमोर उभं केलं.

तो धुसफुसत बसला. दोन्ही गालांना फेस त्यांनीच लावून दिला. त्याने उजवा गाल निगुतीने केला, अर्धी हनुवटी केली आणि रेझर खाली ठेवला.

"बघा! नवरदेव दिसतो की नाही?"

कुणीच हसलं नाही. डाव्या गालावरचा फेस तसाच होता. मी त्याला तो दाखवत होतो, अगदी स्वच्छ दाखवत होतो. पण त्याला दिसत नव्हता.

"कुठे राहिली नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठे राहणार?"

सायकाल पुढे आली. तो हात उगारील ही भीती तिच्या डोळ्यांत मला दिसत होती. तरी तिने त्याचा उजवा हात धरला आणि त्याच्याच डाव्या गालावर ठेवला. बोटं फेसात रुतली, खुंट टोचले. तो जागच्या जागी थिजला.

"हा... कुणाचा गाल?"

"तुमचाच, अहो."

त्याने बोटांवरचा फेस पाहिला. पुन्हा गाल चाचपला. मग मान डावीकडे वळवत, वळवत, तो माझ्यात बघत राहिला.

"सायकाल," तो म्हणाला, "अजून काय काय दिसत नाही गं मला?"

डॉक्टरांनी इतके दिवस याच प्रश्नाची वाट पाहिली होती. त्या दिवसापासून तो उपचारांना स्वतःहून येऊ लागला.

मित्रांनो, अशा माणसाला हट्टी म्हणू नका, हसू तर मुळीच नका. मी काच आहे, मला फक्त दाखवता येतं. त्याचा हात धरायला मात्र माणूसच लागतो.