सत्यवतीच्या नंबरावर हिमसागर

मी एक जुना मेल-सर्व्हर आहे. रेवदंड्याला, बुधाजी कोळ्यांच्या घरात, सुकवलेल्या सोड्यांच्या वासात माझी हयात गेली.

थांबा मित्रांनो, अशी सुरुवात नको. आधी ज्याचा मी हेवा केला त्याचं नाव सांगतो. हिमसागर.

आता पहिल्यापासून.

बुधाजींच्या मुलीने, कल्पिताने, मला सुट्या भागांतून जोडलं. तिची आई सत्यवती कोळंबी सोलून अंगणात तिचे सोडे वाळवते, म्हणून धंद्याचं नाव ‘सत्यवती मासळी’. तेच माझं. कल्पिताने ते पांढऱ्या पट्टीवर लिहून माझ्या कपाळावर चिकटवलं. धंद्याची पत्रं पाठवायची, आलेली ठेवायची, हे माझं काम. शेजारचे बघायला आले की माझा पंखा जरा जोरातच फिरायचा.

मग इंटरनेट कंपनीने नवी लाइन दिली, तिच्यासोबत नवा नंबर दिला आणि माझी पत्रं परत येऊ लागली.

पाठवलं. परत.

पाठवलं.

परत.

मित्रांनो, आमच्या जगात ओळख दोन्ही बाजूंनी तपासतात. माझं नाव विचारलं की माझा नंबर मिळाला पाहिजे. नंबर विचारला की माझं नाव. पहिली नोंद कल्पिताच्या हातात होती, ती तिने चोख केली. उलटी नोंद असते कंपनीच्या हातात. तिथे माझा नंबर विचारला की उत्तर यायचं, हिमसागर. हा बर्फाचा कारखाना. माझा नंबर आधी त्याचा होता. समोरचा सर्व्हर म्हणायचा, तू एक नाव सांगतोस, नंबर दुसरंच सांगतो. जा.

कारखान्याला केव्हाच कुलूप लागलेलं. आत गवत. तरी माझ्या नंबरावर नाव त्याचं! मी जळायचो. त्याने एक पत्र पाठवलं नव्हतं, एक निरोप पोचवला नव्हता.

इकडे पुण्याचा एक मोठा हॉटेलवाला नारळी पौर्णिमेच्या आत वर्षभराचे सोडे कोणाकडून घ्यायचे ते ठरवणार होता. भाव मेलनेच कळवायचे होते. कल्पिता कंपनीला फोन करायची. तिथली माणसं गोड बोलून राउटर बंद-चालू करायला लावायची. शेवटी अलिबागहून कंपनीचा परेश आला. माझ्यावर टकटक करून म्हणाला, “ताई, हे खोकं म्हातारं झालंय. लाइनीत काय न्हाय.”

माझ्या जागी काळा, चकचकीत नवा आला. मला फळीखाली ठेवलं. आता हेवा करायला दोघे झाले.

नव्याने पत्र पाठवलं.

परत.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग कल्पिताचा चेहरा दिसला आणि ते बरं वाटणं ओसरलं.

परत आलेल्या पत्राखालचं कारण तिने नीट वाचलं आणि परेशला फोन लावला. या वेळी एकच विचारलं, बर्फाच्या कारखान्याचं नाव अजून का ठेवलंय? तो म्हणाला, नवी लाइन जोडताना विचारलं होतं, तुमच्या बाबांनीच ठेवायला सांगितलं.

बुधाजी जाळं विणत होते. त्यांनी मान वर केली नाही. “मंग? होडी चंदरकडून घेतली, तिच्यावरचं त्याचं नाव पुसलं का आपण? आधीच्याचं नाव ऱ्हाऊ द्यावं. बरकत असते.”

कल्पिता त्यांच्याजवळ बसली. “बाबा, होडीवर नाव चंदरकाकांचं असलं तरी बंदरावर तुम्हाला सगळे ओळखतात. पुण्यात आईला कोण ओळखतं?”

बुधाजींनी जाळं खाली ठेवलं. ते उठले, नारळ घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले आणि तो पाण्याला दिला. परतल्यावर म्हणाले, “लाव त्याला फोन. सांग, सत्यवतीचं नाव लाव.”

संध्याकाळी नंबर विचारला आणि उत्तर आलं, सत्यवती मासळी. पत्र गेलं. पुण्याहून होकारही आला.

मी फळीखालून ऐकलं. माझं नाव माझ्याच नंबरावर लागलं आणि तिथे बसला होता तो काळा. हिमसागरचा हेवा संपला होता, काळ्याचा उरला.

मित्रांनो, काही बिघडलं की आधी जुन्याला उचलून बाजूला ठेवू नका. दोष खरंच त्याचा आहे का, एवढं तरी विचारा.

दुसऱ्या दिवशी माझ्या कपाळावरची पट्टी काढून नव्याला लावायला कल्पिताने नख घातलं. एक कोपरा सुटलासुद्धा.

“नको,” बुधाजी म्हणाले. “त्याचं नाव त्याच्यावर ऱ्हाऊ दे.”

तिने अंगठ्याने तो कोपरा पुन्हा दाबून बसवला.