पेन्सिलीची खूण

पेन्सिलीची खूण दिसली की सही ठोकायची, ही सीए यज्ञेश्वरांची तीस वर्षांची सवय. धैर्यशील त्यांचा जुना अशील. त्याला ती पक्की ठाऊक होती. आज त्याने आणलेल्या कागदांवरही खुणा होत्या.

दुसऱ्या सहीला पेन थांबलं. धैर्यशीलची अल्पवयीन पुतणी क्रांती, तिची हातकणंगल्याची जमीन निम्म्या भावात त्याच्या नावावर होत होती. आणि तिचे वडील आण्णा वारल्यापासून क्रांतीचे विश्वस्त यज्ञेश्वरच.

"करा की. माझं सगळं काम तुमच्याकडंच हाय."

यज्ञेश्वरांनी सही केलेलं पहिलं पान फाडलं.

"तुमच्या फायली घेऊन जा. आण्णांनी सख्खा भाऊ सोडून मला नेमलं. माझी ही सवय ठाऊक असती, तर मलाही नेमलं नसतं."