रेणीचं लाल बटण

“नीलव्वा, तुझ्या पोरीचा हात धर, न्हाईतर उद्यापासनं दळण दुसऱ्या गावाला ने!”

मी ओरडले, कारण रेणीनं पुन्हा गिरणीचं लाल बटण दाबलं होतं. अर्धी पाटी जोंधळा दगडांत अडकला की आमची मोटर रुसलेल्या जावयासारखी बसते, उठता उठत नाही. मग पट्टा काढा, दगड उचला, पीठ खरवडा. रांगेतल्या बायका बोटं मोडणार ती माझ्याच नावानं.

“धरलाच हुता की मल्लक्का,” नीलव्वा म्हणाली. “नाक पुसाय सोडला.”

“पोरीचं?”

“माझं.”

रेणी आठ वर्षांची. बोलत नाही, चवड्यांवर चालते, हाक मारली तर वळून बघेलच असं नाही. पण गिरणीवर तिचा भारी जीव. धडधडणाऱ्या फरशीवर तळवे टेकून बसते, एकटीच हसते, आणि मनात आलं की उठून बटण दाबते. एवढा मोठा आवाज आपल्या एका बोटानं गप्प होतो, याचं तिला कोण कौतुक! खरं तर मला तिचा राग फार वेळ येत नसे. पण तोंड वाजवल्याशिवाय गिरणी चालत नाही.

नीलव्वाचं देवाकडं एवढंच मागणं होतं, की पोरीनं हातानं जेवावं आणि तहान लागली तर खूण करून सांगावी. असल्या मुलांना ते शिकवणारी टीचर तालुक्याला बसते. आम्ही दोघी रेणीला घेऊन निघालो होतो एकदा. ड्रायव्हरनं हॉर्न मारला, रेणी कान झाकून बसच्या मधोमध आडवी झाली, आणि कंडक्टरनं आम्हाला सूर्यफुलाच्या रानाशी उतरवून दिलं. तिथून नीलव्वानं पोर खांद्यावर घेऊन घर गाठलं. तेव्हा तिची पाठ धरली ती अजून सुटलेली नाही.

मग मीच टीचरला निरोप धाडला, तुम्हीच या. सरोजा टीचर स्कूटीवरून आली, रेणीशेजारी फरशीवर बसली, पिठानं माखली.

“दर आठवड्याला येईन की अक्का,” ती म्हणाली. “पण एका पोरासाठी मला इकडं सोडत न्हाईत. चार तरी लागतील. महिनाअखेरपर्यंत जमवा, न्हाईतर दुसरं गाव देतील.”

चार काय, जास्तच निघाली असती. टीचर दिवसभर दारोदार हिंडली. घरोघरी ताक प्यायली, शेंगा खाल्ल्या, आणि सगळीकडून एकच उत्तर घेऊन आली, आमच्यात तसलं कुणी न्हाई. गावच्या गौडांची, म्हणजे पाटलांची, बायको रुद्रव्वा, तिला सगळे गौडती म्हणतात, ती तर उंबऱ्यातच आडवी उभी राहिली. आत कुणीतरी एकसारखी थाळी बडवत होतं.

“मांजर हाय,” गौडती म्हणाली.

नातीचं लग्न ठरत होतं. नातीचा धाकटा भाऊ असा आहे हे कळलं तर पाहुणे उठून जातील, ही तिची भीती. मला चीड आली, पण भीती काही खोटी नव्हती. नीलव्वा मात्र रेणीच्या केसातलं पीठ पदरानं झटकत बसून राहिली. मला तिच्याकडं बघवेना.

जत्रा तोंडावर आली तशी गिरणीत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या गर्दीत गौडती आली. गडी असताना स्वतः पाटी घेऊन! मी ओळखलं. आमच्या गावात गुपित सांगायचं तर गिरणीत. कुणाच्या घरी गेलं तर अख्खी गल्ली विचारते, कशाला गेली होतीस? गिरणीत कानाशी लागून बोंबललं तरी शेजारणीला ऐकू जात नाही.

माझा हात गौडतीच्या जोंधळ्यात. तेवढ्यात ती सरकत सरकत नीलव्वाच्या कानाशी गेली. ऐकू येईना म्हणून नीलव्वानं कानामागं हात धरला. नेमका रेणीला धरलेला हात!

“पोरीला धर!” मी ओरडले. ऐकतो कोण!

रेणी उठली. धडधड थांबली. आणि गौडतीचा आवाज गिरणीभर घुमला, “सात वर्षांचा घोडा झाला तरी चड्डीतच करतोय!”

उडालेलं पीठ हळूहळू खाली बसलं.

“कोण गं?” कोपऱ्यातून निंगप्पाअज्जानं विचारलं.

“कुत्रं,” गौडती म्हणाली. “आमच्या कुत्र्याचं सांगत हुते.”

अज्जा विचारात पडला. “कुत्र्याला चड्डी घालता व्हय?”

पहिली मीच फुटले, मग सगळ्याच हसल्या. गौडती पाटी उचलून निघाली, पण जाते कुठं? तिचा निम्मा जोंधळा दगडांत. ती तिथंच उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. हसू तोंडातल्या तोंडात विरलं.

तेवढ्यात धनगराची फकिरव्वा म्हणाली, “घालू तरी देतो नव्हं? आमचा अंगावर चिंधी ठेवत न्हाई. पाव्हणं आलं की कोकरं भाईर काढते आन् ह्याला आत कोंडते.” एवढं बोलून ती पिठाकडं बघत राहिली.

“तुझा घरात तरी ऱ्हातो,” कस्तुरव्वा पुढं आली. “माझी पोरगी विहिरीकडं पळती. तिच्या पायाला पदर बांधून निजते मी.”

“पळती तर पळती, माझा चावतोय!” फकिरव्वा म्हणाली.

“चावू दे. माझी हाताला लागती काय?”

इतके दिवस लपवलेलं आता अहमहमिकेनं बाहेर पडायला लागलं. आपलं पोर दुसरीच्या पोरापेक्षा कमी अवघड आहे, हे कुणीच कबूल करेना.

“माझं बी नाव घाला,” निंगप्पाअज्जा म्हणाला. “मला बी कुणाचं काय कळत न्हाई.”

“अज्जा, तुमचं शिकायचं वय गेलं!”

नीलव्वानं माझा दंड गच्च धरला. ती रडत होती की हसत होती कोण जाणे. “चार झाली गं मल्लक्का! रेणी धरून चार!”

“हे गावाभाईर जाता कामा न्हाई,” गौडतीनं बजावलं. सगळ्यांनी यल्लम्माची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी जत्रेत पाहुण्यांना कळलंच. नवऱ्या मुलाची आई गौडतीला बाजूला घेऊन म्हणाली, “ती टीचर आमच्या गावाला यील काय?” त्यांच्याकडंही एक मांजर होतं.

गुरुवारी आमच्याकडं लाइट नसते, गिरणी बंद. तेव्हा टीचर गिरणीतच बसते. रेणीला तिनं लाल बटणच शिकवायला घेतलं. वर जोंधळा ओततात त्या डब्यात वाकून बघायचं, दाणा दिसला तर थांबायचं, डबा रिकामा झाला तरच दाबायचं. बाकीच्या दिवशी सराव करताना किती वेळा मोटर बसली, किती पीठ मी खरवडलं, ते माझं मला माहीत.

परवा गौडतीचंच दळण होतं. रेणी स्टुलावर चढून डब्यात बघत होती. शेवटचा दाणा खाली गेला तशी ती उतरली, माझ्याकडं बघितलं आणि बटण दाबलं.

“आपला आपण परसाकडं जाऊन बसला!” गौडती नीलव्वाच्या कानाशी ओरडत होती.

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. गौडतीनं पाटी खाली ठेवली, पदर सावरला, आणि त्या शांत गिरणीत, मोटर चालू असल्यासारखी, पुन्हा ओरडली,

“आमचा चन्नू गं! काल! आपला आपण!”