अर्धा धवला

"पुढची ओळ झेला गो कुनीतरी," गोजराबाई म्हणाली, आणि मांडवातल्या साऱ्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या.

अनिताच्या हळदीचा दिवस होता. जात्याला हळकुंड बांधलं होतं, पाटावर नवरी बसली होती आणि शेजारच्या लांब पाटावर गोजराबाई. ती सापगावची धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाचं गाणं, म्हणजे धवला, गायचा तिचा मान. धवलारीण ओळ टाकते आणि दुसरी बाई ती झेलते, फिरवून परत देते. एकटीने धवला होत नाही. चाळीस वर्षं बाईजाने गोजराबाईची ओळ झेलली. दोघी एकाच पाटावर बसायच्या. मागच्या भादव्यात बाईजा गेली. गोजराबाई अजूनही पाटाच्या एका कडेलाच बसायची, अर्धा पाट मोकळा राहायचा.

त्या दिवशी ओळ कुणी झेलली नाही. गोजराबाईने तीच पुन्हा टाकली आणि तिला ठसका लागला. तेवढ्यात बाहेर बँजोवाल्यांनी सुरुवात केली, तशा पोरी चिमण्यांसारख्या भुर्रकन उडाल्या. नवरीला हळद लागली ती बँजोच्या तालावर.

संध्याकाळी गोजराबाईने पोरींना विचारलं, "तुमी का नाय गो शिकत?"

"आजी, केवढा लांबलचक हाय तो! आमच्या ध्यानात ऱ्हात नाय," शेजारची रोशनी म्हणाली. ती बारा वर्षांची, तोंडाची तिखट.

गोजराबाईला ते पटलं. हल्लीच्या पोरींची डोकी निराळी, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. हा धवला आपल्याच बरोबर सरणावर जायचा, हे तिने धरून ठेवलं.

कार्तिकात भाताची मळणी उरकली आणि गावात एक गाडी आली. निळा टेम्पो, त्यावर भोंगे, मागे पांढरा पडदा. रानजाई साबणाची गाडी. तेव्हा गावात टीव्ही तीनच घरी, त्यामुळे दिवेलागणीला अख्खा गाव देवळापुढच्या पटांगणात. फुकट सिनेमा लागला. पण नायिकेला पळवून नेलं आणि नेमका तिथंच पडदा पांढरा झाला. लोक ओरडले. तेव्हा माइक घेऊन एक तरुण पुढे आला. हा साईनाथ, वाशिंदचा. तोंडात साखर ठेवूनच जन्मलेला.

"सिनेमा कुठं पळत नाय, काकी. आधी माझी ओळ पुरी करा, पुढचं मग दावतो. अंगणात आला कुणाचा वास?"

"रानजाई, रानजाई, हमखास!" एक बाई ओरडली. साईनाथने साबणाची वडी तिच्या हातात ठेवली. मग दुसरी ओळ, तिसरी. जी ओळ पुरी करील तिला वडी. जी वडीवरची पाच रिकामी कागदं आणील तिला पुढच्या खेपेस स्टीलची वाटी. जी नवीन मैत्रीण आणील तिला आरसा.

अर्ध्या तासात गावातल्या साऱ्या पोरींना साबणाचं आठ ओळींचं गाणं तोंडपाठ झालं. सगळ्यात पुढे रोशनी, तळहात पसरून उभी.

गोजराबाई देवळाच्या पायरीवर बसून बघत होती. सिनेमात काय झालं ते तिला नंतर सांगता आलं नसतं. ती पोरींची तोंडं बघत होती. ध्यानात ऱ्हात नाय म्हणे! पोरींचं डोकं शाबूत होतं, खोट आपल्या सांगण्यातच होती.

सकाळी साईनाथ गाडी धूत होता. गोजराबाई समोर जाऊन उभी राहिली.

"काय रे, एवढ्या बाया तुझ्या मागं कशा लागतात?"

साईनाथ हसला. "आजी, गुपित कुनाला सांगतात काय?" पण काल खेळात हिने पायरीवरूनच घेतलेले उखाणे त्याच्या लक्षात होते. सारं पटांगण पोट धरून हसलं होतं. तो म्हणाला, "तुमी आमच्या गाडीवर येता काय? गावच्या बाईनं सांगितलं का बायांना घरचं वाटतं. काय घ्याल?"

"साबण."

"आनि रोजाचे पैसे?"

"त्याचं पण साबणच दे. आनि तुझं गुपित सांग."

म्हातारी चालली साबणाच्या गाडीवर! गावाला बोलायला विषय झाला. किन्हवलीचा बाजार, मुरबाडचा बाजार, डोंगरकडच्या वाड्या, सगळीकडे ती फिरली. गाडीच्या फळीवर बसून उखाणे घ्यायची, नवऱ्यांची टिंगल करायची, बायांना हसवून लोळवायची. आणि बघायची. दुसऱ्या खेपेला त्याच गावात गेलं की बाया कागदं घेऊन हजर. दुकानात दुसरा साबण स्वस्त असला तरी हात रानजाईवरच.

एकदा चहा पिताना साईनाथने तिला सांगितलं, "आजी, आमी साबण विकतच नाय. नाव तोंडात बसवतो. तोंडात बसलं का हात आपोआप तोच उचलतो. आनि पुरं कधी द्यायचं नाय. अर्धं सोडायचं. माणसाला अर्धं सोसत नाय, ते पुरं करायला येतंच."

गोजराबाईने हे पदराच्या गाठीला बांधलं.

पौषात म्हसा गावची जत्रा भरली. घोंगड्या, बैल, पाळणे, आणि त्या गर्दीत रानजाईची गाडी. कल्याणहून कंपनीचे साहेब आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की ही बाई धवलारीण आहे.

"आजी, इथं धवला म्हणा. फक्त देवीच्या नावाजागी रानजाई घाला. एका ओळीत."

"मांडव कुठं हाय?" गोजराबाईने विचारलं.

"मांडव कशाला?"

"धवला मांडवाभायर म्हनत नाय. वर जांभळीचा डहाळा लागतो, खाली उंबराची मेढ लागते."

"गाडीवर कापड लावू की."

"कापडाखाली उखाणे घेते, पायजे तेवढे. तुमच्या साबणानं तुमची सासू पन गोरी करून दाखवते. धवला नाय."

बाया खो खो हसल्या. साहेब हसले नाहीत. "मग उद्यापासून येऊ नका," म्हणाले. गोजराबाई फळीवरून उतरली, लुगडं झटकलं. साईनाथने तिच्या वाटणीच्या साबणाच्या दोन पेट्या उचलल्या आणि स्वतः एसटीच्या टपावर चढवल्या. वड्या किंचित दबलेल्या होत्या एवढंच, पण वासाला कडक.

माघात तिने आपल्या अंगणात चार लाकडी मेढी रोवल्या. एक उंबराची. वर जांभळीचे डहाळे घातले. जाणारा-येणारा थांबू लागला.

"काय गोजराबाय, लगीन करतेस काय?" धाऊ म्हाताऱ्याने विचारलं.

"करते. पोरगा बघ एखादा. दात असलेला."

मग तिने रोशनीला हाक मारली आणि वडी दाखवली. "मी अर्धी ओळ म्हनते, तू पुरी कर. पुरी केलीस तर वडी तुझी. उद्या दोघी नवीन आनल्यास तर आनखी एक."

पहिल्या दिवशी तीन पोरी. आठव्या दिवशी अठरा. जांभळीच्या सावलीत ओळी येऊ-जाऊ लागल्या. रोशनी तर ओळ संपायच्या आधीच तळहात पुढे करायची.

चंद्रकला वहिनी एकदा दारातूनच बघून गेली. गावातलं मोठं घर तिचं, शब्दाला वजन. जाताना म्हणाली, "गोजरे, देवाचं गाणं साबणावर घातलंस. बाईजा असती तर तिनं तुझं तोंड बघितलं नसतं."

"वयनी, बाईजा असती तर साबण लागलाच नसता," गोजराबाई म्हणाली. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

फाल्गुनात पेट्यांचा तळ दिसला. अठरा वड्या उरल्या आणि धवल्याचा मधला, सगळ्यात मोठा भाग अजून बाकी. त्या दिवशी गोजराबाईने गाण्यातली नवरी नदीपर्यंत आणली.

नवरी निघाली सासरी, आडवी आली नदी,
नदी म्हणे वाट देते, एक देशील आधी...

आणि ती गप्प झाली. अठराही वड्या वाटल्या. पेट्या उलट्या करून दाखवल्या. "साबण सरला. आता कुनाला काय मिळायचं नाय."

"आनि नदीनं काय मागितलं?" रोशनीने विचारलं.

"उद्या."

रात्रभर गोजराबाई कूस बदलत राहिली. पोरी साबणाच्या, की गाण्याच्या? उद्या एकही आली नाही तर चंद्रकलेचं खरं ठरणार होतं. तिने ठरवलं, नाही आल्या तर मेढी उपटून चुलीत घालायच्या.

सकाळी ती शेणाचा हात पुसत बाहेर आली. मांडवाखाली पोरी भांडत होत्या.

"चुडा मागितला असंल."

"हाट! नदीला चुडा कशाला?"

"साबण मागितला असंल," एक म्हणाली आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले.

गोजराबाईने मोजल्या. एकोणीस. एक नवीनच होती, बिनसाबणाची. गोजराबाईने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले, मग पाटावर बसली आणि पुढची ओळ सांगितली.

वैशाखात चंद्रकलेच्या नातीचं, नम्रताचं लग्न निघालं. नम्रताची आई देवकी बोलवायला आली, पण मान खाली घालून. "आत्या, तुमीच या. पन पोरींना नका आनू. सासूबाय म्हनतात, साबणवाल्या पोरी आमच्या मांडवात नकोत. नाय जमलं तर बँजो सांगितलाय."

"पोरी हळद बघायला येतील, बाय. हळद बघायला कुनी बंदी करतं काय?"

हळदीच्या सकाळी गोजराबाई पाटाच्या कडेला बसली. तिने ओळ टाकली. जुन्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. बँजोवाल्याने बाहेर पट्टा खांद्यावर चढवला. मागच्या वर्षीचीच शांतता मांडवात उतरली.

आणि मेढीपाशी उभ्या असलेल्या रोशनीने ओळ झेलली.

एकटीच. आवाज कोवळा, पण सुराला घट्ट. दुसरी ओळ पाच जणींनी झेलली. तिसऱ्या ओळीला एकोणीस गळे उठले आणि मांडवाचे डहाळे हलल्यासारखे वाटले. बँजोवाल्याने पट्टा पुन्हा उतरवला आणि तो दारात येऊन उभा राहिला. चंद्रकला हळदीची वाटी हातात धरून तशीच थांबली.

गोजराबाईने नवरी नदीपर्यंत आणली. नदी म्हणे वाट देते, एक देशील आधी... आणि तिथं ती थांबली. ठसका नव्हता, आवाजही चांगला होता. ती मुद्दाम थांबली.

रोशनीने एक क्षण वाट बघितली. मग स्वतःच पुढची ओळ टाकली:

नदी मागे आईचं नाव, देवकीची मी लेक,
नदी मागे आजीचं नाव, चंद्रकलेची नात एक.

या जागी नवरीच्या आईचं आणि आजीचं नाव घालायचं असतं. मोठ्या घरातल्या म्हातारीला गाव आजी म्हणायचं, वहिनी म्हणायचं, सुना दबकून सासूबाई म्हणायच्या. चंद्रकला हे नाव शेवटचं कुणी घेतलं होतं, तिचं तिलाच आठवेना. आणि आता एकोणीस पोरी ते झेलत होत्या, फिरवत होत्या, पुन्हा झेलत होत्या. तिने हळदीची वाटी पाटाशी टेकवली.

कडवं संपलं. आणि सवयीने, मनात काहीच नसताना, रोशनीने तळहात पुढे केला.

मांडव हसला. पोरीला उमगलं तशी ती लाल झाली, हात मागे ओढू लागली. तेवढ्यात चंद्रकलेने तो मनगटाशी धरला. धवलारणीसाठी सुपात काढून ठेवलेला विडा आणि नारळ तिने उचलला, आणि त्या उघड्या तळहातावर ठेवला.

"घे गो. बस तिथं," ती म्हणाली. "पुढचं म्हण."

चाळीस वर्षं तो विडा गोजराबाईच्या हातात पडत आला होता. तिचे दोन्ही हात मांडीवर रिकामेच राहिले. तिने बाईजाची मोकळी जागा हाताने पुसली, रोशनीला तिथं बसवलं आणि मान जराशी कलती केली, ओळ झेलायच्या आधी बाईजा करायची तशी.

रोशनीने ओळ टाकली. गोजराबाईने ती झेलली.