इंटरव्हलच्या पुढचं

कुंडलिकला पिक्चरमधलं काही म्हणजे काही खरं वाटत नाही, अशी गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, त्याची ख्याती होती, आणि ती त्याने स्वतःच निगुतीने वाढवली होती. रविवारी पिक्चर बघायचा आणि सोमवारी दुपारच्या सुट्टीत डबा सोडता सोडता त्याचा निकाल लावायचा, हा त्याचा चार वर्षांचा शिरस्ता. मागावरचे सात-आठ जण लिंबाखाली बसलेले असत. शेजारच्या मागावरचा सिदू हटकून विचारी, "हं, कसा हाय?" मग कुंडलिक भाकरीचा तुकडा चटणीत फिरवत जरा वेळ घेई.

"हाणामारी बरी हाय," तो म्हणे. "पण बुक्की बसायच्या आदीच गडी पडतोय. दोनदा बघितलं मी. आन हिरोनं धा जणांस्नी लोळवलं तरी त्येचा भांग मोडत न्हाय."

मध्ये एक जादूचा पिक्चर लागला होता. त्यात घोडा आभाळात उडे, आणि तो बघायला निम्मी भवानी पेठ लोटली होती. कुंडलिक म्हणाला, "घोडं लाकडाचं हाय. राजवाड्यावरनं जातंय तवा पोटाखालची तार दिसती. राक्षस मात्र झाक. आमच्या जेऊरच्या ठेसनावर असाच येक हमाल व्हता, दातासकट."

माणसं हसत. कुंडलिकने बरा म्हटलेला पिक्चर साळखात्यातले निम्मे लोक बघत, आणि त्याने नाक मुरडलं की ठरलेले बेत मोडत. जेऊरहून आलेल्या आणि गिरणीत कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसाला एवढा मान पुष्कळ होता.

चौऱ्याहत्तर साली दिवाळीच्या आधी तो भुताचा पिक्चर लागला. रविवारच्या तीनच्या खेळाला कुंडलिक एकटाच गेला. मथुराला, म्हणजे बायकोला, असले पिक्चर आवडत नसत. सुरुवातीला तो नेहमीसारखा ऐटीत बसला होता. जुनी हवेली, वाऱ्याने हलणारे पडदे, हातात दिवा घेऊन जिन्यावरून उतरणारी मालकीण. भिंतीवर एका लहान मुलीचा हार घातलेला फोटो होता. त्याच्याकडे बघून मालकीण रडायची. इथवर ठीक होतं. मग तिने कपड्यांची पेटी उघडली आणि आतून एक हात हळूच वर आला. कुंडलिकने डोळे मिटून घेतले, पण आवाज मिटता येईना. थोड्या वेळाने शेजारचा अनोळखी माणूस म्हणाला, "ओ पावनं, हात सोडा की माझा."

इंटरव्हलला दिवे लागले तेव्हा तो माणूस कुंडलिककडे बघून गालात हसत होता. कुंडलिक चहाच्या निमित्ताने बाहेर पडला तो परत आत गेलाच नाही. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठावर जाऊन बसला. भर उन्हात अंगावर काटा होता. खेळ सुटायची वेळ झाली तसा तो टॉकीजसमोर आला आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीत मिसळून घरी गेला.

"कसला हाय?" मथुराने विचारलं.

"पांढरं लुगडं आन उदाचा धूर," तो म्हणाला. "दुसरं काय न्हाय."

सोमवारी लिंबाखाली माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. कुंडलिकने इंटरव्हलपर्यंतचं सांगितलं. पेटीतल्या हाताला रबराचा हात म्हटलं. मग सिदूने विचारलं, "आन पुढं?" कुंडलिकने भाकरीचा घास घेतला, आणि तो चावून होईस्तोवर त्याच्या डोक्यात पुढचा पिक्चर तयार झाला होता.

"पुढं निस्ता हसायचा कारखाना हाय. येक जाड्या नोकर असतोय, तो भुताला भिऊन पाण्याच्या हौदात दडून बसतोय. शिंकताना सापडतोय. शेवटाला समदं गोड. घरच्या बायास्नी घेऊन जावा, कुणी भिणार न्हाय."

माणसं पोट धरून हसली. कुंडलिकलाही क्षणभर आपण तो नोकर बघितलाच आहे असं वाटलं.

हसणाऱ्यांत रुद्रप्पा नव्हता. रुद्रप्पा मूळचा दुधनीचा, घरी कन्नड बोलणारा, कामात सरळ आणि बोलायला कमी. त्याचा डबा असायचा सगळ्यांच्या जवळच, पण तो जरा पाठमोरा बसायचा. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात गावी गेलेले असताना त्याची पाच वर्षांची नीलव्वा विहिरीत पडून गेली होती. तेव्हापासून त्याची बायको शिवम्मा नळावर पाण्याला जाण्यापलीकडे घराबाहेर पडली नव्हती, हे सगळ्या खात्याला माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं.

भोंगा झाल्यावर रुद्रप्पा कुंडलिकच्या मागाशी आला. माग सुरू झाले होते, म्हणून तो अगदी कानाशी तोंड आणून बोलला.

"येक इचारू का? शेजारच्या बाया त्या पिक्चरला चालल्यात. शिवम्मा काल आपणहून म्हणाली, मी बी येऊ का म्हणून. वर्सात पहिल्यांदा काय तरी मागितलं तिनं. त्यात लहान लेकरू हाय का? लेकराला काय व्हतंय का?"

कुंडलिकला भिंतीवरचा फोटो आठवला. फोटोचा हारसुद्धा आठवला. पुढे काय आहे ते मला ठाऊक नाही, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण सिदू शेजारी उभा राहून मागाच्या धोट्यात सुताची कांडी भरत होता, आणि मघाचं हसणं अजून कुंडलिकच्या कानात होतं.

"लेकरूच न्हाय त्यात," तो म्हणाला. "खुशाल घेऊन जा."

रुद्रप्पाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

गुरुवारी पहिली पाळी सुटल्यावर रुद्रप्पा घाईने बाहेर पडलेला कुंडलिकने बघितला. शुक्रवारी त्याच्या मागावर बदली माणूस होता. शनिवारी रुद्रप्पा आला, पण दुपारी लिंबाखाली आला नाही. मागाच्या टोकाला उकिडवा बसला होता, डबा तसाच बांधलेला. कुंडलिक त्याच्याजवळ गेला. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

"काय झालं रं?"

रुद्रप्पाने एकेक वाक्य करत सांगितलं.

"त्यात ईर हाय. त्या बाईची पोरगी ईरीत पडलेली असती. रातचं आतनं हाका मारती." त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "शिवम्मा उठून हुबी राहिली. पडद्याकडं चालाय लागली. पोरीला वर काढा म्हणाली, कन्नडात. मागली लोकं वरडली, खाली बसा म्हणून. कायजण हसली. कन्नड बोलत व्हती म्हणून हसली का काय, कुणाला ठावं. मी धरून भाईर आणलं."

रुद्रप्पाने मान वर केली.

"तू बघितला व्हतास न्हवं?"

आता खरं सांगावं, असं कुंडलिकच्या अगदी ओठापर्यंत आलं.

"व्हय," तो म्हणाला. "ध्येनात आलं न्हाय बघ माझ्या. ईरीचं इसरलो."

"असंल," रुद्रप्पा म्हणाला. "दर आठवड्याला बघतोस, किती म्हून ध्येनात ठेवणार. तुजी काय चूक न्हाय. मीच न्यायाचं नव्हतं."

त्याने दोन शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तरी कुंडलिकला ते बरं वाटलं असतं. तो मागावर आला. उरलेल्या पाळीत त्याचे धागे इतके तुटले की खात्यातल्या मुकादमाने, जॉबरने, दोनदा येऊन विचारलं, ताप आहे का म्हणून.

घरी मथुराने ताट वाढलं आणि त्याने ते सरकवून ठेवलं. तिने कारण विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं, शेजाऱ्याचा हात धरल्यापासून. मथुरा हसली नाही. रागावलीही नाही. तिने फक्त विचारलं, "फोटू बघितला व्हता तुमी?"

"व्हय."

"तरी न्हाय म्हणालासा."

ती भांडी घेऊन मोरीकडे गेली.

रविवारी तीनच्या खेळाला कुंडलिक पुन्हा त्याच टॉकीजमध्ये जाऊन बसला. पेटीतला हात आला. या खेपेला त्याने डोळे मिटले नाहीत. इंटरव्हल झाला, लोक चहाला गेले, तो खुर्चीवरून हलला नाही. मग विहीर आली. काळं पाणी, त्यावर हलणारा चंद्र आणि खालून पोरीचा बारीक आवाज. त्याला भीती अशी वाटलीच नाही. तो पडद्याकडे कमी आणि पुढच्या रांगांकडे जास्त बघत होता. शिवम्मा कुठे बसली असेल, कुठून उठली असेल, कुठल्या वाटेने पडद्याकडे निघाली असेल, हेच त्याला दिसत राहिलं. मागे कुणीतरी दात काढत होतं. जाड्या नोकर अख्ख्या पिक्चरमध्ये कुठे नव्हता.

खेळ सुटला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. तो सरळ रुद्रप्पाच्या घरी गेला. एका खोलीचं घर, दार उघडंच होतं. रुद्रप्पा भिंतीला टेकून बसला होता आणि शिवम्मा सुपात ज्वारी पाखडत होती. त्याला बघून तिने पदर सावरला.

"ये," रुद्रप्पा म्हणाला.

कुंडलिक उंबऱ्याच्या आत आला, पण बसला नाही.

"वैनी," तो म्हणाला, "मी तो पिक्चर अर्धाच बघितला व्हता. भ्यालो आन इंटरव्हलला पळून गेलो. पुढलं समदं मनचं सांगितलं, लोकं हसावीत म्हणून. लेकराचा फोटू पैल्या अर्ध्यातच दावला व्हता. बघितला व्हता मी. रुद्रप्पानं इचारलं तरी न्हाय म्हणालो. काल बी खोटंच बोललो, इसरलो म्हणून."

रुद्रप्पा उठला. त्याच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. कुंडलिकने मान खाली घातली आणि वाट बघितली. रुद्रप्पाने काहीच केलं नाही. तो बाजूला झाला आणि दाराबाहेर तोंड करून उभा राहिला.

सूप थांबलं होतं. शिवम्माचं मराठी तुटक होतं. एकेक शब्द जोडत ती म्हणाली, "आता बघितला? पुरा?"

"व्हय. आत्ता तिकडूनच आलो."

"ती पोरगी... वर आली का?"

खोटं सांगावं, असं त्याला त्या क्षणी जेवढं वाटलं तेवढं जन्मात कधी वाटलं नव्हतं. पण कुठलं खोटं तिला कमी लागेल, हेही त्याला कळेना.

"ती ईरीत पडलीच नव्हती," तो म्हणाला. "चुलत्यानं तळघरात लपवून ठेवली व्हती, इस्टेटीसाठनं. हाका तितनं यायच्या. शेवटाला सापडती. जित्ती असती."

शिवम्माने सुपातली ज्वारी हाताने सारखी केली.

"आईनं वळखलं?"

"लांबनंच वळखलं."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, कुणाला उद्देशून ते कळू नये अशा आवाजात, "आमच्या नीलव्वाचा परकर हिरवा होता." मग ती कन्नडात बोलू लागली. कुंडलिकला त्यातलं फारसं कळत नव्हतं. नाव तेवढं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. रुद्रप्पा दारातून वळला आणि तिच्यासमोर येऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावरून कुंडलिकने ओळखलं, की ही बाई वर्षभरात एवढं बोललेली नाही. हे ऐकत उभं राहण्याचा आपल्याला हक्क नाही आणि मध्येच निघून जाण्याचाही नाही, असं वाटून तो तसाच उभा राहिला.

शेवटी रुद्रप्पाच म्हणाला, "आता जा तू, कुंडलिक."

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली सिदूने विचारलं, काल काय बघितलं म्हणून. कुंडलिकने सगळ्यांदेखत सांगितलं, की आधीच्या रविवारी भुताच्या पिक्चरला तो इंटरव्हललाच पळाला होता. माणसं आधी चक्रावली, मग खूप हसली. त्या दिवसापासून त्याचं नाव 'इंटरव्हल' पडलं. जॉबरसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. विहिरीचं आणि फोटोचं तो कुणाला बोलला नाही. ते सांगणं रुद्रप्पाच्या घरातलं दुखणं चव्हाट्यावर आणणं होतं. त्यामुळे खात्याला त्याची फक्त भित्रेपणाची लाज ठाऊक झाली. खरी लाज त्याच्याजवळच राहिली.

रुद्रप्पा त्याच्याशी बोलायचा बंद झाला. दिवाळी गेली, थंडी पडली. एकदा सुट्टीनंतर, माग सुरू व्हायच्या आधी, तो कुंडलिकसमोर येऊन उभा राहिला.

"शिवम्मा इचारत व्हती," तो म्हणाला. "त्या तळघरात पोरीला खायाला कोण देत व्हतं?"

कुंडलिकच्या जिभेवर लगेच उत्तर आलं. एक म्हातारी मोलकरीण, चोरून भाकरी घेऊन जाणारी. दूधसुद्धा. किती सोपं होतं.

"ते दावलं न्हाय पिक्चरात," तो म्हणाला.

"मग तिला काय सांगू?"

"मला म्हायती न्हाय, रुद्रप्पा."

रुद्रप्पा "बरं" म्हणाला आणि आपल्या मागाकडे गेला.